करडाशी केलेला सौदा

हर्षदा, तू मला फसवलंस. आजाराची गोष्ट तू निखिलला सांगितलीस, शबानाला सांगितलीस, मला नाही. शिवाय माझा एक सौदा उघडा टाकून गेलीस. माल दिलास, किंमत शेवटी सांगेन म्हणालीस, आणि शेवट व्हायच्या आधीच निघून गेलीस. जळगावात माझ्याशी असं करून कुणी सुखाने घरी गेलेलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलणारच आहे. चांगलं इतकं आहे की ते लिहायला बसलो की रागच विसरायला होतं, म्हणून राग आधी लिहून घेतला.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस तो दिवस आठवतो. उन्हाळा, दुकानात इन्व्हर्टरच्या गिऱ्हाइकांची गर्दी, आणि तू रांग मोडून थेट माझ्यासमोर.

"भाऊ, एक इन्व्हर्टर द्या. रविवारी दुपारी लाइट जाते आणि माझ्या पोरी मरतात."

मी हातातला टेस्टर खाली ठेवला. "कोणत्या पोरी?"

"आत्ता दोन आहेत. तिसरी शोधते आहे."

"होस्टेल आहे का तुमचं, ताई? का दवाखाना?"

"गेम आहे," तू म्हणालीस. "कॉम्प्युटरवर. पण कॉम्प्युटरमधला नाही."

धुळ्यात क्लास घेते, मावशीकडे जळगावला आले होते, असं तू सांगितलंस. धुळ्यातली दुकानं बंद पडली का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, "धुळ्यातले लोक दोन वेळा नाही म्हटलं की देऊन टाकतात. मजा येत नाही. तुमचं नाव ऐकलं होतं." मग तू भाव पाडायला लागलीस आणि मी हलेना. बॅटरीत पाणी भरणारा पोऱ्या म्हणून सुरुवात केली मी, या धंद्यात मला कुणी हलवलेलं नाही. शेवटी तू म्हणालीस, "या रविवारी तुम्ही आमच्यासोबत बसा. मधेच उठलात तर तुमच्या भावाने घेईन. नाही उठलात तर माझ्या."

फुकट बसण्यावर सूट? मला वाटलं, ही बाई बुडणार.

रविवारी दुपारी अर्धं शटर ओढून मी लॅपटॉप उघडला. चार चौकटी. एकीत निखिल, त्याच्या घरच्या कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर, मागे साड्यांचे गठ्ठे. एकीत शबाना, नाशिकला नर्स आहे, ड्यूटीवरून आलेली, केस ओले. एकीत मी. आणि एकीत तू, अंबाड्यात पेन्सिल खुपसलेली, हातात स्टीलचा पेला. खेळ काय ते तू दोन वाक्यांत सांगितलंस. आम्ही तिघं एकेक पोरगी व्हायचं. बाकीचं जग, म्हणजे नदी, वारा, शत्रू, शेजारपाजार, ते सगळं तू. समोर काय आहे ते तू सांगणार, आम्ही काय करतो ते आम्ही सांगणार, आणि ते जमलं की नाही ते फासे ठरवणार.

"तुमची पोरगी कशी आहे, भाऊ?"

"शाळा सोडलेली. बापामागे बाजारात फिरते. तोंडाने फटकळ."

"म्हणजे तुम्हीच," निखिल म्हणाला.

"मी कशाला? ती दिसायला चांगली आहे."

तिचं नाव मी इंदू ठेवलं. आणि मग तू पेला खाली ठेवलास आणि बोलायला लागलीस.

ते कसं सांगू? तुला माहीत आहे, मला उपमा येत नाहीत. तू सांगितलंस की धरणाच्या पाण्याखाली एक गाव आहे, पैलपाणी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी देवळाचा कळस दिसतो, मग भिंती, मग उंबरे. गाव उठून गेलं तेव्हा तीन पोरी मागे राहिल्या, त्या अजून तिथेच आहेत, तेवढ्याच वयाच्या. पाणी उतरलं की गाळ उठतो. तो उंबऱ्यापाशी येऊन थांबतो आणि ज्या माणसाचा आवाज तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकायचा आहे, त्या आवाजात हाक मारतो. दार उघडलं की संपलं. मी बोदवडकडचा माणूस. आमच्याकडे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या भिंती लहानपणी पाहिलेल्या आहेत. त्यावर बसून बोरं खाल्ली आहेत. त्या भिंतींना बघून कधी काही वाटलं नव्हतं. त्या दुपारी तुझं ऐकताना तळपाय गार पडले, आणि बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असेल.

पोरींकडे जादू होती. दिव्याची ज्योत गिळायची, की अंगावर आरशाच्या काचांचं चिलखत चढतं आणि गाळाशी लढता येतं. पण प्रत्येक वेळी आठवणीतली एक गोष्ट जळते. कोणती, ते ज्याचं त्याने मोठ्याने सांगायचं. पहिल्यांदा इंदूवर वेळ आली तेव्हा मी पटकन काहीतरी स्वस्तातलं देऊन टाकायला बघत होतो. तू काही बोलली नाहीस. नुसतं थांबलीस. तुझं ते थांबणं मला माझ्या धंद्यातून माहीत होतं. समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. मी फसलो.

"बापाच्या सदऱ्याचा वास," मी म्हणालो. "तंबाखू आणि गुरांचा. तो विसरली इंदू."

घरी जेवताना भाकरी अर्धीच ठेवली. बायकोने विचारलं, "काय झालं? कुणी माल परत केला का?"

"इंदू बापाच्या सदऱ्याचा वास विसरली."

"कोण इंदू?" ती म्हणाली.

इन्व्हर्टर तुझ्या भावाने गेला. मी उठलोच नव्हतो.

पुढच्या रविवारी मी स्वतःच लॅपटॉप उघडून बसलो, आणि मग दर रविवारी. गिऱ्हाइकांना कळून चुकलं की त्या वेळी भाऊ मिळत नाही. तुझ्या तोंडून किती माणसं बोलायची. धरणावरचा म्हातारा चौकीदार, देवळात अडकलेला एक मासा, निखिलच्या पोरीची आई, जी तिला ओळखत नाही पण रोज तिच्यासाठी ताट वाढून ठेवते. आवाज तू फारसा बदलायची नाहीस. फक्त श्वास बदलायचीस. त्या आईच्या ताटावर निखिल रडला होता, साड्यांच्या गठ्ठ्यांकडे तोंड करून. शबाना म्हणाली, "दवाखान्यात रोज बघते, तिथे रडू येत नाही." सायन्स शिकवणारी बाई तू. पाणी, गाळ, काच आणि चार फासे एवढ्यावर तू तीन जाणत्या माणसांना असं धरून ठेवायचीस की लाइट गेली तरी कुणी चौकट सोडायचं नाही.

पैलपाणीत ज्योत आणि वर देणारा कोण, तर एक पांढरं करडू. आठवडी बाजाराच्या तोंडाशी बसलेलं, आणि अहिराणीत बोलणारं. "तुले काय पाहिजे, पोरी? बठ्ठं शे मनाजोडे." म्हणजे सगळं आहे माझ्याकडे. तुझी आजी असंच बोलायची म्हणालीस. इतकं गोड बोलणारं, इतकं लबाड जनावर मी बाजारात पाहिलं नाही, आणि मी बाजार पाहिलेला आहे. निखिलच्या पोरीला बुडणाऱ्या भावाचा जीव वाचवायचा होता. करडाने दिला, आणि बदल्यात आईची ओळख घेतली. शबानाच्या पोरीला शत्रूचा माग काढणारे कान हवे होते. बदल्यात तिच्या जिभेची गोडी गेली. करडाने सांगितली ती किंमत दोघांनी मुकाट्याने मान्य केली होती. मला त्यांची कीव आली.

"तुम्ही भाव का नाही केला?" मी विचारलं.

"असं करता येतं?" निखिल म्हणाला. व्यापाऱ्याच्या घरातला पोरगा.

मग मी तुम्हाला माझ्या बापाची पद्धत सांगितली. तो गुरांच्या बाजारात दलाल होता. भाव तोंडाने बोलायचे नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरायची. कोणतं बोट, किती बोटं, कसं दाबलं, त्यावर भाव. भोवती पन्नास माणसं उभी असोत, सौदा दोघांतच राहतो. पुढेही तो तिसऱ्याला सांगायचा नाही. तू कॅमेऱ्यासमोर माझ्याकडून बोटं शिकून घेतलीस. दोनदा चुकलीस, तिसऱ्यांदा नाही.

पुढच्याच रविवारी करडासमोर रुमाल पसरलेला होता. माझीच चीज माझ्यासमोर मांडलीस. वर मागायची वेळ आली की सगळ्यांनी कॅमेरे बंद करायचे, आवाज बंद करायचा, आणि तू ज्याला वर मागायचा आहे त्यालाच फोन करणार.

माझा फोन वाजला.

"रुमाल आहे का जवळ, भाऊ?"

"आहे."

"हातावर टाका."

मी टाकला. दुकानातला मेकॅनिक बघत होता, त्याला बाहेर घालवलं.

"करडाला खूर असतात," तू हळू म्हणालीस. "पण रुमालाखाली इंदूच्या हाताला बोटं लागतात. गरम. लहान मुलाची."

अंगावर काटा आला, हर्षदा. आत्ता लिहितानाही आला. आणि तरी मी भाव केला. अर्धा तास केला. स्वतःसाठी काही मागितलंच नाही, कारण स्वतःसाठी मागणाराच अडकतो. मी मागितलं की इंदू उभी आहे तोवर आमच्या पोरींपैकी एकही गाळात जाता कामा नये. एकीच्या किमतीत सगळ्या. करडाने एकामागून एक किमती सांगितल्या, मी एकेक उडवून लावली. शेवटी ते म्हणालं, माल आत्ता ने, किंमत शेवटी सांगेन. मी हो म्हटलं. किंमत न ठरवता मी आयुष्यात एक स्क्रूही घेतलेला नाही. पण मला वाटलं, खेळ लांबत जाईल, शेवट येईल तेव्हा बघू. दमून शेवटी कमीच घेईल.

यावरून आपण भांडत राहिलो. मी म्हणायचो, न सांगितलेली किंमत म्हणजे लबाडी.

"तुमचं लग्न ठरलं तेव्हा सांगितली होती का कुणी किंमत?" तू म्हणालीस.

"सासऱ्याशी घासाघीस झाली होती. चांगली दुपारभर."

"कशावरून?"

"बँडवरून."

"आणि वहिनींच्या स्वभावावरून?"

"तो कुणी सांगतं का आधी?"

"मग? त्या घरात तीस वर्षं राहताच आहात ना."

शबाना हसून हसून कॅमेऱ्याबाहेर गेली. मी मानलं नाही. आजही मानत नाही. तो वाद तसाच आहे.

दिवाळीनंतर तुझा कॅमेरा बंद राहायला लागला. नेट बरोबर नाही म्हणायचीस. आवाज बसलेला असायचा, खेळ लवकर आटपायचीस, नुसती पळवायचीस आम्हाला. पूर्वी एक उंबरा ओलांडायला दुपार लागायची, आता दुपारभरात अर्धं गाव. मला वाटलं, बॅटरी बसली. म्हणून मी नवी बॅटरी देऊन मेकॅनिकला धुळ्याला पाठवलं. एसटीने गेला, बॅटरी पायाशी ठेवून, पारोळ्यापासून उभ्याने. तुझ्या भावाने दार उघडलं, चहा दिला. मेकॅनिक संध्याकाळी परत आला तो बॅटरीसकट.

"मशीन चांगलं शे, भाऊ. बॅटरी भरेल शे. कॅमेरा त्यासनीच बंद करेल शे."

म्हणजे कॅमेरा तूच बंद केलेला. यावर दुसरा कुणी असता तर थांबून विचार केला असता. मी चिडलो. मला वाटलं, बाईला आमचा कंटाळा आला. पुढच्या रविवारी मी तोंडावर म्हटलं, "घाई कसली आहे? गिऱ्हाईक कटवायचं आहे का?" तू हसलीस, मग खोकलीस, मग म्हणालीस, "भाऊ, भांडायचं असेल तर नीट भांडा. फासे टाका." मी टाकले.

शेवटच्या दुपारी निखिलच्या पोरीला गाळाने धरलं. फासे इतके वाईट पडले की मी सांगतो, कोणीही सोडून दिलं असतं. गाळ तिच्या आईच्या आवाजात बोलला, पहिल्यांदाच तिचं नाव घेऊन, आणि तिने दार उघडलं. तू बराच वेळ नुसती श्वास घेत राहिलीस, लागत होता तुला श्वास, आता कळतं. मग म्हणालीस, "इंदू उभी आहे." आणि तू त्या पोरीला बाहेर काढलंस. फाशांच्या विरुद्ध जाऊन नाही. मला दिलेला शब्द फाशांच्या आधीचा होता म्हणून. काचांच्या चिलखताचा एकेक तुकडा गाळात टाकत इंदू आत गेली आणि तिला केसाला धरून घेऊन आली. हे सगळं तू अशा आवाजात सांगितलंस की आम्हाला कान पुढे न्यावे लागले. दिलेला शब्द पाळणारी माणसं मी बोटांवर मोजली आहेत. अंगात ताप असताना, तीन रिकाम्या माणसांच्या खेळात, रुमालाखालचा शब्द पाळणारं माणूस एकच पाहिलं.

शेवटी तिघी बाजाराच्या तोंडाशी आल्या. तू म्हणालीस, "पुढच्या रविवारी करडू किंमत सांगेल." त्या आठवड्यातच निखिलचा फोन आला.

दहाव्याला धुळ्याला आलो. पांझरेच्या काठावर तुझ्या घरची माणसं पुढे होती, आम्ही तिघं मागे. पहिल्यांदाच एकमेकांना पायांसकट पाहत होतो. निखिल माझ्या समजुतीपेक्षा बुटका आहे.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

निखिल खाली बघायला लागला. शबाना म्हणाली, "हो, भाऊ."

"मला का नाही?"

"ती म्हणाली, भाऊ डॉक्टरशी भाव करतील."

"केलाच असता. मुंबईपर्यंत केला असता."

"तेच तिला नको होतं." शबानाने डोळे पुसले नाहीत, नर्ससारखी सरळ बोलली. "घरात सगळे तिच्याशी हळू बोलायचे. मीसुद्धा. ती म्हणायची, आठवड्यात एक दुपार अशी पाहिजे की समोरचा माणूस माझ्यावर ओरडतो आहे."

म्हणजे मला वापरलंस. आणि कशासाठी, तर ज्या तोंडासाठी मला माझ्या भावकीने वाळीत टाकलं त्याच तोंडासाठी. माझ्या फटकळपणाचा कुणाला आधार वाटला असेल, हे पन्नाशी गाठेपर्यंत मला कुणी सांगितलेलं नाही. मी तिथे उभा राहून चिडत होतो आणि तुझ्यापुढे माझी मान खाली होती. दोन्ही एकदम.

मग निखिल बोलला. त्याने बोलायला नको होतं.

"भाऊ, कदाचित हीच किंमत असेल. ती जाणं."

मी इतका ओरडलो की तुझा भाऊ वळून पाहायला लागला. तिच्या वतीने सौदा मिटवू नकोस, म्हटलं. सोपं आहे ते, गोड आहे, आणि स्वस्त आहे. तिने एवढी स्वस्त किंमत कधी मागितली नसती. निखिलकडे सगळ्या रविवारांचं रेकॉर्डिंग आहे. तो म्हणतो, ऐकू या, कुठेतरी सापडेल तिच्या मनात काय होतं. मी ऐकणार नाही. तूच शिकवलंस, सगळ्यात हवासा आवाज उंबऱ्याशी आला की दार उघडायचं नाही. आणि त्या फोनचं रेकॉर्डिंग नाहीच. तो सौदा दोघांत होता.

रुमालाखालचं तिसऱ्याला सांगायचं नसतं. माझ्या बापाने मरेपर्यंत सांगितलं नाही. मी आज सांगतो, कारण दुसरा हात उरलेला नाही.

मी पोरींसाठी वर मागितला तेव्हा करडाने लगेच हो म्हटलं नव्हतं. ते म्हणालं, कोण कोण, नावं घे. मी नावं घेतली. इंदू, आणि त्या दोघी. फोनवर तू थांबलीस. मग करडाच्या आवाजात विचारलंस, "तिन्हीच का? आखो कोनी नही?"

तिघीच का, आणखी कुणी नाही?

मला वाटलं, नग वाढवून किंमत चढवते आहे. असले डाव मी रोज बघतो. मी म्हटलं, "तिघी. बस्स." तू आणखी एकदा थांबलीस आणि म्हणालीस, "बरं."

काळ्या का होईना, चारही चौकटी माझ्यासमोर होत्या, आणि मी तिघीच मोजल्या. दुकानात उभा राहून माल मोजणारा माणूस दुकानदाराला मालात धरत नाही. सगळं जग तू होतीस, हर्षदा. जग मोजायचं असतं हे मला कुठून कळणार?

तुला रिपोर्ट नक्की कधी मिळाला ते मी शबानाला विचारलं. ती म्हणते, पावसाळ्यात कधीतरी. सौदाही पावसाळ्यातलाच. आधी कोणतं, ते तिला सांगता येत नाही, तुझ्या भावाला सांगता येत नाही. मी सगळ्यांना विचारून झालं आहे. तेव्हा आता तुलाच विचारतो, आणि हे मी सोडणार नाही. त्या दुपारी तुला माहीत होतं का? "आणखी कुणी नाही?" हे माझ्याकडून भाव वाढवून घ्यायला करडाने विचारलं, की तू विचारलंस? मी आणखी एक नाव घेतलं असतं, तर तू काय किंमत सांगितली असतीस? मी ती दिली असती. न घासता दिली असती, हे तुला माहीत होतं का?

मला जबाब पाहिजे. करडाच्या आवाजात नको. तुझ्या आवाजात दे.